बुयांवातलं वांगं

कट्ट.

यशोदेच्या अडकित्त्यात सुपारी फुटली आणि सोप्यावर मघापासून साचून राहिलेली शांतता मोडली. जेवणं होऊन घटका उलटली होती, पण कोणी आडवं झालं नव्हतं. धाकट्या गोकुळदासाने दुसरा टिपर घेतल्याची बातमी जेवताना सांगितली होती. मग हात धुता धुता, जशी काही ती त्याच बातमीची शेपटी असावी तशी, आणखी एक गोष्ट सांगून टाकली होती. रस्त्यावर गाडी ठेवली तर लोक डिझेल काढतात, तेव्हा ती अंगणात राहणार. अंगणात, म्हणजे थोरल्या वहिनीच्या डबड्यांच्या जागी.

ती थोरली वहिनी, सत्यवती, आतल्या चौकटीला खांदा टेकून उभी होती. खरकट्या हाताला राख तशीच होती.

"मगे?" यशोदेने सुपारीचं खांड नवऱ्यापुढे सारलं. "काय ठरला?"

"ठरूचा काय असा?" भिकाजी म्हणाला. "गाडी ती गाडी. भाजी ती भाजी."

"भाजी तरी खंयची, बाबा," गोकुळदास हसला. "डब्यातली भाजी ती. डबो उघडल्यार बिस्कुटां तरी गावतत."

सगळे हसले. सत्यवतीचा नवरा शिवदासही हसला. तो खाणीवर पंपाला होता. अंगठ्याच्या नखातलं ग्रीस काडीने कोरत बसला होता आणि कोरता कोरता, भाऊ हसतो म्हणून हसला. सत्यवतीने त्याच्याकडे एकदा बघितलं. हा माणूस वाईट नव्हता. वाईट असायलाही अंगात काही लागतं.

सासऱ्याशी समोरासमोर बोलायची या घरात रीत नव्हती. ती खांबाकडे बघून बोलली.

"फॉर्म भरून दिलोहा. डिचोलेक, बागायत मंडळाचा प्रदर्शन असा. आठ दिस रवले. आठ दिसांनी उचलतंय."

"प्रदर्शन?" भिकाजीने सुपारी गालात धरली. "वांग्याचा?"

"कुंडीतल्या फळभाजीचा. नंबर काडतत."

"आणि तुझो नंबर येतलो?"

 भिकाजीने तोंड अंगणाकडे फिरवून पिचकारी टाकली, ती नेमकी मिरच्यांच्या डब्याला लागली, आणि मग एखाद्या कुत्र्याला काटा टाकावा तसा तो म्हणाला, "बरा तर. नंबर इलो तर अंगण तुझा. गाडी भायर रवतली. नाय इलो तर आपल्या हातान सगळा उचलूचा. जाला?"

पुन्हा सगळे हसले. यशोदेने दुसरी सुपारी घेतली.

पण सत्यवती होती हळर्णची. तिच्या माहेरी सोप्यावर बसून बोललेला शब्द घरात परत नेता येत नसे. तिचा बापूस एकदा रागाच्या भरात गाय देतो म्हणाला होता, आणि सकाळी डोळे पुशीत दावं सोडून दिलं होतं त्याने. तिने तो टाकलेला काटा दोन्ही हातांनी उचलला आणि आत गेली.

मागची तीन वर्षं तिला एका गोष्टीचं हसू यायचं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. म्हणायला शेतकऱ्यांचं घर, आणि कोथिंबिरीची काडी घाटावरच्या ट्रकमधून उतरलेली. तीन वर्षांमागे भर आषाढात वरच्या खाणीचा ढिगारा फुटला, तांबडा चिखल खाली आला आणि मांगराच्या खोपटापासून ओहोळापर्यंतचं सगळं शेत गुडघाभर लाल गाळाखाली गेलं. खाणवाल्यांनी तोंड बंद होईल एवढं दिलं, आणि तोंडं बंद झाली. तोंडांबरोबर हातही बंद झाले. भिकाजीला माती म्हटली की कंबर आठवू लागली. गोकुळदास ज्या ढिगाऱ्याने शेत गिळलं त्याचीच माती टिपरात घालून नेऊ लागला आणि स्वतःला गाडीवाला म्हणवू लागला. मातीने पाठ फिरवली म्हणून रडावं तर ते नाही. आपण मातीकडे पाठ केली म्हणून ही माणसं मिशीला पीळ देत होती.

सत्यवतीने कोणाला विचारलं नाही. माहेराहून येताना गोणीभर माती आणली. बसच्या कंडक्टरने गोणीचं तिकीट लावलं आणि वर सगळ्या बसला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, माहेरची इतकी याद येता की मातीच बांदून व्हरतंस?" बस हसली. पुढच्या महिन्यात ती आणखी एक गोणी घेऊन आली, तेव्हा तो हसला नाही, कंटाळला. तिसऱ्या गोणीला त्याने स्वतः हात लावला.

मग गोडेतेलाचे डबे आले, ग्रीसचे पिंप आले, टिपरचा उलटा केलेला टायर आला. शेवटी बुयांव आला. चिनी मातीचा रांजण, कमरेएवढा, आजेसासूच्या वेळी मिठातले आंबे घालून ठेवायचा. बुडाला चीर गेल्यामुळे खार राहीना. यशोदेने तो पायाने ढकलतच बाहेर आणला होता. "घे. नायतरी उकिरड्यारच जातलो." सत्यवतीने चिरेवर करवंटीचा तुकडा ठेवला, वर वाळू, वर शेणखत, वर हळर्णची माती, आणि बापसाच्या मळ्यातलं वांग्याचं रोप लावलं. बुडाची चीर तिला देवाने पाठवल्यासारखी वाटली. पाणी बरोब्बर निथळत होतं.

उरलेले आठ दिवस तिने मोजले नाहीत. मोजायला उसंत नव्हती. परसातल्या विहिरीचं पाणी खाणीमुळे लाल झालेलं. भांडी त्याने घासता येत, झाडाला घातलं तर वर तांबडी साय धरे. म्हणून डोंगराकडच्या झरीवर जायचं. पहाटे दोन खेपा, दुपारी सगळे लवंडले की दोन. कळशी डाव्या कमरेवर घेऊन घेऊन तिथे रुपयाएवढा काळा डाग पडला होता. झरीवर बायका असत.

"काय गो सत्यवती, वांग्याक न्हाऊक घालतंस की बाळंतपण करतंस तेचा?"

"आमच्या घोवाक इतक्या पाणी कोण घाली तर तो सुदा फळ धरीत."

ती कळशी उचलायची. या बायका दुपारी घाटावरची किडकी भेंडी निवडत बसतात आणि मला शिकवतात, असं तिच्या मनात यायचं. ते चेहऱ्यावरही यायचं बहुतेक, कारण चौथ्या दिवसापासून कोणी बोलेनासं झालं.

घरी आल्यावर खरं काम. रस्त्याने टिपर गेला की धुरळा उठे आणि पानापानावर बसे. बोटाने रेघ ओढली तर खाली हिरवं दिसायचं. ती जुन्या लुगड्याची चिंधी ओली करून एकेक पान वरून पुसायची, मग खालून. पाच वर्षांची लेक जानकी चहाच्या कोपातून मापून पाणी घालायची. एक कोप मिरचीला, दोन कोप दोडक्याला, चार कोप बुयांवाला. ओठ हलवत मोजायची आणि चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

"आई, पानां कित्याक पुसतंस?"

"तेंका दम लागता, म्हणून."

मासळी धुतलेलं पाणी यशोदा केळीच्या बुडात ओतायची. सत्यवती ते मधल्यामध्ये उचलून बुयांवात घाली आणि सासू नाकाला पदर लावून ओरडे, "घराची काटाळी केलंस." भेंडीची फुलं धुरळ्याने गळाली. दोडक्याला मावा लागला, राख टाकली तरी गेला नाही. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी बुयांवातल्या पाच वांग्यांपैकी एकाला टाचणीएवढं भोक दिसलं. तिने ते लगेच काढलं आणि चिरलं. आत अळी बसली होती, पांढरी, गुबगुबीत, गोकुळदासासारखी. ती तिने चुलीत टाकली.

चार राहिली. फिकट जांभळी, देठाशी पांढरी, हाताला जड. झाड कमरेएवढंच, पण चौफेर भरलेलं, एकही पान पिवळं नाही. अशी झाडं तिने बापसाच्या मळ्यात शेकड्याने बघितली होती. बुयांवात वाढलेलं कोणी बघितलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी शिवदास बुयांवापाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"बरा दिसता," तो म्हणाला.

"तुमी सोप्यार सांगा ना तसा. बाबांका."

"आता तेंका काय सांगूचा," तो म्हणाला आणि पंपाच्या पाळीला निघून गेला.

सकाळी गोकुळदासाने टिपर दारात आणला. बुयांव वर चढवायला दोन माणसं लागली. सत्यवती पुढे बसायला गेली, तर तो दारात आडवा हात धरून म्हणाला, "वयनी, केबिनीत माती नाका. सीटां नवी असत." माती बुयांवात होती आणि बुयांव मागे होता, पण माती कोणाला म्हटलं ते तिला कळलं. यशोदा पुढे बसली, मांडीवर जानकी, कमरेला पानसुपारीची चंची. सून एकटी बाजारात उभी राहिली तर लोक काय म्हणतील, म्हणून यशोदा येत होती. तसं तिने दोनदा सांगितलं. नवं पातळ मात्र ती त्यासाठी नेसली नसावी.

मागच्या लोखंडी पेटाऱ्यात सत्यवती बुयांवाला दोन्ही पायांच्या मधे धरून बसली, पदर सोडून तो झाडावर पांघरला. धुरळा स्वतःच्या तोंडात जाऊ दिला. ज्या रस्त्याने खनिज जातं त्या रस्त्याने आपण जातोय, आणि खनिजासारख्याच, हे तिला कळत होतं. ओहोळावरच्या पुलापाशी गोकुळदासाने खड्डा चुकवला नाही. पेटारा हातभर उडाला. ती खाली आली ती गुडघ्यावर, बुयांव तिरपा होऊन तिच्या छातीवर आला, आणि पदराखाली काहीतरी टपकन पडलं.

सगळ्यात वरचं वांगं. देठ फांदीच्या अगदी मुळाशी तुटला होता.

तिने ते हातात घेतलं. रडू आलं नाही. शिवी आली, ती टिपरच्या आवाजात मोठ्याने देऊन टाकली. मग वांगं पिशवीत ठेवलं. तीन आहेत. तीन पुरेत.

प्रदर्शन शाळेच्या मोठ्या खोलीत होतं. बाकांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर कुंड्या. गेरूने रंगवून वर पांढरी नक्षी काढलेल्या. सत्यवतीने एक फेरी मारली आणि दुसऱ्या फेरीत तिच्या ओठाच्या कोपऱ्याला ते जुनं हसू आलं. टोमॅटोच्या पानांवर खोबरेल लावलं होतं, वास येत होता. कोबीची माती काल भरलेली, अजून दबली नव्हती, म्हणजे कोबी रोपवाटिकेतून कुंडीसकट आला होता. खाणीच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावरून ढोबळ्या मिरचीची कुंडी आली होती. तिच्याजवळ बंगल्याची बाई छत्री घेऊन उभी होती, आणि झाडाला पाणी घालायला वेगळा माणूस होता, जो घालता घालता तिला सांगत होता की हे झाड कोणतं. यांची मला भीती वाटत होती, असं सत्यवतीला वाटलं. या लबाडांची.

बुयांवाभोवती मात्र माणसं थांबत होती. "बुयांवात केलंय बघ," असं एकाने दुसऱ्याला दाखवलं.

"तीनूच वांगी?" यशोदा कुजबुजली. तिला आता घाम फुटला होता. मिरचीला तिने सात मोजल्या होत्या, टोमॅटोला अकरा. "आमच्या घरचा म्हणान लावतले नाव, आणि वांगी तीन?"

"मांय, तुमी हयसर जानूक घेऊन उबी रवा. मी चिठ्ठी घेऊन येतंय."

पडलेल्या वांग्याची पिशवी तिने सासूच्या हातात दिली. चिठ्ठीची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत होती. टेबलावरच्या माणसाने तिचं नाव दोनदा चुकीचं लिहिलं, मग विचारलं, "शिक्षण?" ती म्हणाली, "वांग्याचा?" रांगेत कोणीतरी फिस्कन हसलं. तो माणूस हसला नाही. चिठ्ठी घेऊन ती परतली, तेव्हा मध्ये दोरी ओढून झाली होती. तपासनीस आत, बाकी सगळे दोरीबाहेर. चिठ्ठी एका शिपायाने तिच्या हातातून घेतली आणि नेऊन बुयांवाला लावली.

तिने दुरून झाडाकडे बघितलं. नजरेने सवयीने मोजलं.

चार.

तिने पुन्हा मोजलं. मग सासूकडे बघितलं. यशोदा दोरीला पोट लावून उभी होती आणि चवथीच्या दिवशी लोक माटोळी बघायला येतात तेव्हा तिचा चेहरा जसा होई तसा झाला होता.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर चौकट टांगतात आणि तिला रानातली, मळ्यातली फळं बांधतात, ती माटोळी. ती बांधावी तर भिकाजीच्या घरच्या यशोदेने, असं सात वाड्यांत म्हणत. रानातल्या केवणीच्या झाडाच्या सालीच्या बारीक दोऱ्या करून ती अशी गाठ मारी, की फळ तिथेच धरलंय असं वाटे.

"आजीन बांदला," जानकी म्हणाली. "चंचयेतली दोरी काडली, आणि बांदला."

"कोणाक दिसता?" यशोदा हळूच म्हणाली. "बग. तुका तरी गाठ दिसता?"

दिसत नव्हती. सत्यवतीने डोळे बारीक करून शोधली. पानाआड, फांदीच्या बेचक्यात, खऱ्या देठाच्या जागी ते वांगं असं लोंबत होतं की त्याच्या वजनाने फांदी किंचित वाकलीही होती. इतके दिवस जिने या झाडापायी नाकाला पदर लावला, तिने हे केलं होतं. एक श्वासभर, फक्त एक, सत्यवतीला ते सुंदर वाटलं.

मग तिने दोरीपलीकडे नजर टाकली. अजून वेळ होता. तपासनीस दोन बाकं पलीकडे होते. दोरीखालून जाऊन म्हणता आलं असतं, साहेब, एक चुकून राहिलंय, काढते. तिने दोरीला हात घातला. समोर खोबरेल लावलेला टोमॅटो चमकत होता. त्यापुढे काल कुंडीत बसवलेला कोबी. यांना चालतं, असं तिच्या मनात आलं. आणि चार दिसतात तीनपेक्षा बरी. आणि अंगण.

तिने दोरीवरचा हात काढून घेतला.

तपासनीस कृष्णनाथ मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, हातात पेन्सिल. टोमॅटोपाशी त्यांनी पान हुंगलं आणि काहीतरी खोडलं. कोबीची माती बोटाने दाबली आणि खोडलं.  हा माणूस जाणता होता. याच्यासाठीच खरं तर झाड वाढवावं असा.

बुयांवापाशी ते थांबले. खाली वाकून बुडाची चीर बघितली. निथळलेल्या पाण्याचा डाग बघितला. पान उलटं करून मागची बाजू बघितली, स्वच्छ. ते सोबतच्या माणसाला म्हणाले, आणि दोरीबाहेर ऐकू आलं, "याला म्हणतात राखलेलं झाड. हे कोणाच्या तरी हातचं आहे." आणि वरच्या वांग्याचं वजन अजमावायला त्यांनी ते खालून तळव्यात घेतलं आणि जरा उचललं.

वांगं त्यांच्या हातात आलं. मागोमाग वीतभर केवणीची दोरी.

 आधी छत्रीवाली बाई हसली, आणि मग खोली हसली.

"कोणाचं झाड आहे हे?"

 सत्यवतीच्या आधी यशोदा दोरीखाली वाकली होती, नव्या पातळासकट.

"आमचा. आणि बांदलाय ता मियां. मगे?"

"आजी, हे प्रदर्शन आहे. माटोळी नव्हे."

"माका सांगतास? चवथीक गणपती असतो थंय बसान. तो कधी विचारूक नाय, खंयच्या झाडाचा म्हणान. तुमी तेच्यापेक्षा व्हडले?"

हशा आणखी वाढला. यशोदेला तो आपल्या बाजूचा वाटला आणि ती अधिक ताठ झाली. सत्यवती पुढे आली. तिने प्रमाण बोली आणली, शाळेतली, कधी न वापरलेली.

"मास्तर, ते याच झाडाचं आहे. सकाळी येताना खड्ड्यात पडलं. फांदीला खूण आहे. देठ लावून बघा, जुळतो."

मास्तरांनी चष्मा पुढे घेतला. फांदीला ओली खूण होती. त्यांनी वांग्याचा देठ बघितला आणि तिला दाखवला. तो तिरका, सुरेख कापलेला होता. माटोळीला बांधताना देठ असाच कापतात, गाठ बसावी म्हणून. यशोदेने आपल्या अडकित्त्याने कापला होता.

"हा कुठल्याही झाडाचा असू शकतो," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून, "धरून चालू, की याचाच. सकाळी पडलं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होय."

"म्हणजे झाडावर नव्हतं, हेही माहीत होतं. आणि दोरीपलीकडे उभ्या राहून बघत होता."

 लबाडांच्या ओळीत तिचं झाड सगळ्यात हिरवं होतं.

मास्तरांनी चिठ्ठी काढली आणि चार घड्या करून खिशात ठेवली. जाता जाता, रागाने नव्हे, नापास झालेल्या मुलीला सांगावं तसं म्हणाले, "तीन पुरली असती, बाई."

पहिला नंबर ढोबळ्या मिरचीला गेला. टाळ्या वाजल्या तेव्हा झाडाला पाणी घालणारा माणूस चुकून पुढे झाला. त्याला बाईने छत्रीने मागे सारलं.

गोकुळदास चार वाजता यायचा होता, साडेपाचला आला. पेटाऱ्यात खनिजाचा लाल भुगा अर्ध्यावर होता. बुयांव त्यावर ठेवला आणि सत्यवती भुग्यावर बसली. "बेगीन चडा, अजून एक ट्रीप असा," एवढंच तो म्हणाला. यशोदा या खेपेला पुढे बसली नाही. कोणी बस म्हणालं नाही असं नव्हे, ती आपणहून मागे चढली, पातळाचा विचार न करता, जानकीला ओढून घेत. 

"तेंका काय कळता," पुलापाशी यशोदा म्हणाली. "घराक गेल्यार मी सांगतंय सगळा. तू एक शबुद बोलू नको. मी सांगतंय, मास्तर कसो, ती छत्रीवाली कशी. तुझ्या सासऱ्याक सांगतंय, झाड बरा होता, मियां नाश केलंय. माझ्यार येवंदे."

सत्यवतीने तिच्याकडे बघितलं. एवढी वर्षं या बाईचा तिरस्कार तिने नीट जपला होता, चिंधीने पुसून, रोजच्या रोज. आज तो हवा होता, तर हाताला लागेना. तिला त्याचाच राग आला.

"नाका काय सांगू," ती म्हणाली.

"सांगतंय," यशोदा म्हणाली, आणि उरलेल्या रस्त्यात ती ओठ हलवत आपलं बोलणं जुळवीत राहिली.

घराच्या वळणावर टिपर थांबला. आत जायला जागा नव्हती.

अंगणात दुसरी गाडी उभी होती. नवी, पिवळी, पुढे झेंडूची माळ, काचेवर हळदकुंकवाचं स्वस्तिक. चाकांखाली लिंबं चिरडलेली होती आणि नारळाच्या शकलांत मुंग्या लागल्या होत्या. नारळ बराच वेळ आधी फोडलेला होता. डबे, पिंप, टायर गोठ्याच्या भिंतीला एकावर एक रचून ठेवले होते. मिरच्यांचा डबा पालथा होता. नव्या गाडीवर ठेवलेला ड्रायव्हर, रघुनाथ, मागचं चाक धूत होता, आणि पाणी घेत होता तिने पहाटे झरीवरून आणून झाकून ठेवलेल्या कळशीतून. तिला बघून तो ओशाळला. "विहिरीच्या पाण्यान डाग पडतत म्हणान," तो म्हणाला.

"इल्यात?" भिकाजी सोप्यावरून म्हणाला. त्याच्या कपाळाला कुंकू होतं. "बाराचो मुहूर्त होतो. बरो साधलो. तो बुयांव थंयच भिंतीक लाया. जानू, हय ये, पेढो घे."

शिवदास गाडीच्या पुढच्या बाजूने आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. त्याने तो बायकोपुढे केला, तिचं तोंड बघितलं आणि पुडा मागे घेतला. पण विचारलं काही नाही.

यशोदा अंगणाच्या कडेला उभी राहिली. रस्ताभर जुळवलेलं तिच्या तोंडात तयार होतं.

"तो मास्तर," तिने सुरुवात केली.

"बाजारात बांगडे होते?" भिकाजीने विचारलं.

"आयका तरी. तो थंयचो मास्तर..."

"नसतले. दर्याक वारो असा. बरा, भात निवलां, वाडूक घेया. रघुनाथाक पण वाडा, सकाळपासून उपाशी असा तो."

यशोदा तशीच उभी राहिली. मग खाली बसली, तिथेच, गाडीच्या सावलीत, आणि पातळावरचा लाल भुगा झटकू लागली. तो झटकला जाईना, अधिक पसरला.

सत्यवतीने बुयांव दोन्ही हातांनी कवेत घेतला आणि भिंतीपाशी सरकवला. तीन वांगी होती तशी होती. जानकी पेढा मुठीत धरून तिच्या मागे आली. पेढा तिने खाल्ला नव्हता. ती सोप्याकडे बघत होती, मग गाडीकडे, मग पुन्हा सोप्याकडे.

"आई," तिने विचारलं, "आजोबान नंबराचा कायच कशाक विचारूक नाय?"